पोल्ट्रीच्या शेडमधले चाळीस डिग्री

मी कमी बोलतो. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांमध्ये अंपायर होतो तेव्हा हा गुण समजला जायचा. शेलू, नेरळ, कळंब, कुठलंही मैदान घ्या, अंपायरला तोंड उघडायची गरज पडत नाही. बोट वर केलं की माणूस आउट, दोन्ही हात पसरले की वाइड. घरीही मी संसार असाच केला. बायको विचारायची, "कालवणात मीठ झालंय का बरोबर?" मी मान हलवायचो. ती मान होकाराची की नकाराची, हे तिनं तिचं ठरवायचं.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं एका न बोललेल्या वाक्यामुळं झालं. वाक्य अवघडही नव्हतं. डॉक्टरांनी ते मला कर्जतला तयार करून दिलं होतं, मी फक्त घरापर्यंत न्यायचं होतं. मी ते सांगितलं नाही. त्याऐवजी एक दोरी सैल केली.

कळंबच्या अलीकडं आमचं गाव. घरामागं शेतात कोंबड्यांची शेड आहे, लांबलचक आणि बुटकी. दोन्ही बाजूंना जाळी, आणि जाळीवर पिवळे प्लास्टिकचे पडदे. हे पडदे खालून वर ओढून बंद करतात. दोरी सैल केली की वरून खाली उतरतात आणि वरच्या फटीतून गरम हवा बाहेर जाते. एका दिवसाची पिल्लं येतात तेव्हा त्यांना पहिले काही दिवस ऊब लागते. त्यासाठी छताला ब्रूडर टांगलेले असतात, म्हणजे पत्र्याच्या छत्रीखाली विजेचे तापणारे दिवे. गारठा लागला की पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढतात. उकडलं की लांब लांब पांगतात, पंख पसरतात आणि चोची उघड्या टाकतात. त्यामुळं खरा पोल्ट्रीवाला थर्मामीटर बघत नाही, पिल्लं बघतो. थर्मामीटर असतो तो पिल्लं देणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरसाठी. त्याची मोटारसायकल बांधावर वाजली, की आम्ही तो खालून काढून ब्रूडरच्या जवळ टांगायचो. आकडा बरोबर दिसायचा, त्याचा चहा व्हायचा आणि तो जायचा.

ही युक्ती लक्षात ठेवा. तिनं माझा घात केला.

एका मे महिन्यात आमच्या कोंबड्या उष्म्यानं मेल्या, त्यानंतर कंपनीनं पिल्लं देणं बंद केलं. शेड धुऊन, चुना मारून रिकामी पडली होती. दसऱ्यानंतर एक दिवस वरच्या रस्त्याच्या बंगल्यात राहायला आलेल्या एक बाई अंगणात आल्या. मुंबईच्या, चाळिशीच्या आतबाहेर, कळंबच्या रिसॉर्टांमध्ये पाहुण्यांना योग शिकवायच्या. मी त्यांना पहिल्या दिवसापासून मॅडमच म्हणत आलो.

"काका, ही जागा भाड्यानं द्याल?"

"कशाला?"

"योगासाठी. गरम खोलीत करतात तो. चाळीस डिग्री लागतात."

बायको भात पाखडत बसली होती. सूप न थांबवता ती म्हणाली, "मंग मे महिन्यात या की, मॅडम. आमच्यात फुकट असतंय."

मॅडम हसल्या. नुसतं ऊन चालत नाही, बंद जागा लागते, हवेत ओल लागते, गरम अंग चांगलं वळतं, असं त्यांनी समजावलं. मग शेडमध्ये गेल्या आणि ब्रूडरच्या छत्रीला देवळातल्या घंटेसारखा हात लावला.

"हे काय आहे?"

"पिल्लांना ऊब द्यायला."

"म्हणजे सगळं तयारच आहे," मॅडम म्हणाल्या. कोंबडीच्या पिल्लाला जे लागतं तेच शहरातल्या माणसाला लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

भाडं ठरलं आणि वर एक अट घातली गेली, ती बायकोनं घातली. तिला वर्गात फुकट घ्यायचं. तिचे गुडघे दुखत होते. उकिडवं बसता येत नव्हतं, आणि गावात उकिडवं न बसता येणाऱ्या बाईची निम्मी कामं अडतात. मॅडमनी आनंदानं हो म्हटलं. पण त्या बाई खरोखर नीट होत्या, प्रत्येकाला आधी विचारायच्या. हृदयाचं काही आहे का, बीपी आहे का, गोळ्या चालू आहेत का, दिवस गेलेत का.

शेवटच्या प्रश्नाला बायको पदर तोंडाला लावून हसली. बाकीच्या प्रश्नांना म्हणाली, "काय पण नाय बघा मला. ठणठणीत हाय."

तिला बीपीची गोळी चालू होती. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "काका, खरंच काही त्रास नाही ना काकूंना?"

बायकोनं माझ्याकडं अशी नजर लावली की तिच्यात भाकरी भाजली असती. मी मान हलवली, होकाराची की नकाराची ते मॅडमनी ठरवलं.

दिवाळीनंतर वर्ग सुरू झाला. सकाळी सातला. शनिवार-रविवारी रिसॉर्टातले पाहुणे, आणि रोजच्या रोज शेलूच्या नव्या इमारतींतल्या दोघीजणी, बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब आणि आमची बायको. माझं काम सहा वाजता ब्रूडर लावायचे, फरशीवर पाणी शिंपडायचं, पडदे वर ओढायचे. मागच्या बाजूला मॅडमनी कमळाचं मोठं चित्र काढलेली चादर टांगली होती. शेड तापली की चुन्याखालून कोंबड्यांचा जुना वास उठायचा. पाहुणे नाक वर करून विचारायचे, "हे कुठलं ऑइल आहे?" मॅडम म्हणायच्या, "मातीशी जोडलेलं आहे." खोटंही नव्हतं.

बायको पंजाबी ड्रेस घालून, खांद्यावर पिवळ्या काठाचा टॉवेल टाकून जायची. तो टॉवेल बघितला की मी नजर दुसरीकडं वळवायचो. त्याचं कारण सांगतो, पण जरा पुढं.

पहिला आठवडा खरोखर चाळीस डिग्री होते. मी बाहेर स्टुलावर बसून पडद्याच्या भोकातून बघायचो, सवयच ती. पंधराव्या मिनिटाला सगळ्यांनी चोची उघडल्या. विसाव्या मिनिटाला बँकेच्या साहेबांनी पंख पसरले. शेलूच्या दोघी एकमेकींपासून लांब सरकल्या. माझे हात आपोआप दोरीकडं जायला लागले, ते मी मांडीखाली दाबून ठेवले. दुसऱ्या दिवशी गूळ, मीठ आणि लिंबाचं पाणी करून दारात ठेवलं. उन्हाळ्यात कोंबड्यांना मी हेच पाजायचो, लिंबू तेवढं माणसांसाठी. साहेब तीन पेले प्यायले आणि कुठल्या आश्रमाची कृती आहे म्हणाले.

आणि खरं ते खरं सांगायला पाहिजे, माणसं बाहेर यायची ती खुश होऊन. तोंडं लाल, अंगं मऊ. बायकोला झोप चांगली लागायला लागली. आठव्या दिवशी ती जिना न धरता माळ्यावर गेली आणि वरून मला हाक मारली, फक्त मी बघावं म्हणून.

त्याच आठवड्यात तिच्या गोळ्या संपल्या. वर्ग चुकवायचा नाही म्हणून ती कर्जतला आली नाही, मी गेलो.

"त्या नाही आल्या?" डॉक्टर म्हणाले.

"योगाला गेली."

"वा. कुठं?"

"आमच्या शेडमध्ये. चाळीस डिग्रीत."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी सावकाश सांगितलं, मी लेकरू असल्यासारखं. ही गोळी लघवीवाटे अंगातलं पाणी आणि मीठ काढते. वरून घामानं तेच जाणार. गरमीनं रक्तवाहिन्या सैल पडतात. मग प्रेशर एकदम खाली येतं, डोळ्यांपुढं अंधारी, आणि माणूस पडतो. घामातून विष निघतं म्हणतात ते सोडा, पाणी आणि मीठ निघतं. गरम अंग जास्त वळतं हे खरं, पण जास्त ताणलं हे दुसऱ्या दिवशी कळतं.

"मग बंद करू?"

"योग कशाला बंद? गुडघ्यांना चांगलाच आहे. साध्या हवेत करा म्हणावं. आणि गोळी मनानं सोडायची नाही. एवढं सांगा त्यांना. सांगाल ना?"

मी मान हलवली.

टमटममध्ये मी ते वाक्य पाठ केलं. "डॉक्टर म्हणाले, या गोळीवर गरमीत करायचं नाय." कळंबच्या फाट्यापर्यंत ते गुळगुळीत झालं होतं. घरी आलो तर अंगणात वाळत घातलेल्या भाताच्या कडेला बायको एका पायावर उभी. हात डोक्यावर जोडलेले. माझी भावजय मोबाइल धरून वेळ लावत होती.

"हलू नकोस गं, चाळीस झालं," भावजय म्हणाली. "बेचाळीस. नाक खाजवू नको."

"तू बोलू नको, मला हसायला येतंय."

कोंबड्या मेल्या त्या वर्षापासून तिनं त्या पायावर भार दिला नव्हता. ती पन्नासपर्यंत उभी राहिली. मग पाय खाली टेकवून माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणलं डाक्टर?"

"गोळ्या दिल्या," मी म्हणालो आणि पिशवी खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमळाच्या चादरीमागं गेलो आणि पडद्याची दोरी चार बोटं सैल केली. थर्मामीटर भिंतीवरून काढून पुढच्या ब्रूडरच्या छत्रीला टांगला. मॅडमनी बघितला तेव्हा चाळीसला एक काडीही कमी नव्हती. सुपरवायझरपेक्षा त्या जास्त हुशार होत्या, पण त्यांनी कधी कोंबड्या पाळल्या नव्हत्या.

मला वाटलं होतं, अर्ध्या तासात कुणीतरी बोलेल. बोललं ते असं. मागच्या फटीतून वारा आला आणि कमळ हललं. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "बघा, काही न करता हलतंय. प्राण आहे खोलीत." सगळ्यांनी डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मी बाहेर स्टुलावर श्वास धरून बसलो.

मग मी चढेल झालो. चार बोटांची वीत झाली, वितीचा हात झाला. पौषात आमच्याकडं सकाळी तोंडातून वाफ निघते. आत सव्वीस-सत्तावीस असेल. बँकेचे साहेब घाम पुसत म्हणाले, "आज चाळीस जरा जास्तच अंगावर येतायत." घाम खरा होता, कारण मॅडम मेहनत भरपूर घ्यायच्या. शेलूच्या एकीच्या दंडावर काटा आला होता. तिनं तो दुसरीला दाखवला, "बघ, उष्णता आतपर्यंत पोचली की असं होतं." बायको घरी येऊन शेगडीपाशी बसली आणि हात शेकत म्हणाली, "लई तापलंवतं आज."

एक दिवस मॅडमनी कुक्कुटासन घेतलं. मांडी घालायची, मांड्यांच्या फटीतून हात खाली घालायचे आणि तळव्यांवर अंग उचलायचं. त्या शेडमध्ये, त्या ब्रूडरखाली, सहाजणं ओळीनं कोंबडे होऊन बसली. साहेबांना उचलता येईना, ते जागच्या जागी उड्या मारायला लागले. मी स्टूल सोडून विहिरीपर्यंत चालत गेलो. हसायला आलं होतं, आणि हसू अर्ध्यावर आल्यावर दुसरंच काहीतरी आलं.

त्या मे महिन्याचं आता सांगतो.

त्या दुपारी शेडवर राहायची पाळी माझी होती. बायको बचत गटाच्या बैठकीला गेली होती. जाताना म्हणाली, "मावळतीकडचा पडदा उन्हासाठी वर हाय. लाइट गेली तर लगेच खाली सोडा, पाणी मारा." मी मान हलवली. त्या दुपारी शेलूला फायनल होती आणि दोन्ही संघांना अंपायर मीच हवा होतो. दोन तासांचा प्रश्न, असं म्हणून मी गेलो. लाइट गेली. पंखे थांबले. पडदा वरच राहिला. मी शेलूच्या मैदानावर उन्हात ताठ उभा राहून बोट वर करत होतो, आणि इकडं शेडच्या मधल्या भागात कोंबड्या चोची उघडून एकेक करून बसत होत्या. स्पर्धावाल्यांनी मला नारळ आणि पिवळ्या काठाचा टॉवेल दिला, टाळ्या वाजल्या. घरी येऊन बघितलं तेव्हा उपयोग नव्हता.

बायकोला मी सांगितलं, मी इथंच होतो, लाइट गेली, मी पडदा सोडला, पाणी मारलं, तरी गेल्या. तिनं विश्वास ठेवला. कमी बोलणाऱ्या माणसाचं खोटं लोक लवकर खरं मानतात. संध्याकाळभर ती घमेली भरून मेलेल्या कोंबड्या खड्ड्यापर्यंत वाहत होती, वाकत होती, उठत होती. मी खड्डा खणत होतो. दुसऱ्या सकाळी तिला गुडघ्यातून उठता येईना. तेव्हापासूनचे ते गुडघे. टॉवेल मी शेडच्या कोठीत लपवला होता, तो तिला सापडला. "कुठला ओ हा?" तिनं विचारलं. "कंपनीनं दिला," मी म्हणालो. चांगल्या सुताचा आहे म्हणून तिनं तो वापरायला काढला.

म्हणून मी नजर वळवायचो. माझ्या मानाच्या टॉवेलवर माझ्या खोट्यानं मोडलेले गुडघे रोज सकाळी सातला टेकायचे.

दोरीची भानगड मी महाशिवरात्रीपर्यंत निभावली. मग मॅडमनी जाहीर केलं की साजगावजवळ त्यांच्या ओळखीच्या एका सरांनी खास गरम योगाचा हॉल बांधलाय. भिंतीतूनच उष्णता, दीड तास, खरेखुरे चाळीस. रविवारी सगळ्यांनी जायचं. "आणि काकू तिथं दोन शब्द बोलतील. चाळीस डिग्रीनं त्यांचे गुडघे कसे सुटले ते."

बायकोनं बचत गटातल्या सगळ्यांना सांगितलं. टेंपो ठरला.

माझ्याकडं चार दिवस होते. गुरुवारी म्हणालो, "साजगावला गरम असेल फार."

"चाळीसच ना? सवय हाय मला."

शुक्रवारी मॅडमना गाठलं. "मॅडम," एवढं म्हणून झालं होतं.

"काका, तुमचे आभार मानायचे राहिलेच," त्या म्हणाल्या. "एकही दिवस तुम्ही आकडा हलू दिला नाहीत."

मी मान हलवली. शनिवारी रात्रीचं जेवण गिळत म्हणालो, "उद्या गोळी..."

"घेणार हाय. मी गोळी कधी चुकवते का? तुमीच डाक्टरकडं नीट ऐकत नसाल." ती माझ्या पानात भात वाढत म्हणाली. मग जरा थांबून, "काय म्हणलंवतं का त्यांनी आणि?"

वाक्य तिथं होतं, तोंडात, गुळगुळीत. ते मी भाताबरोबर गिळलं. "मी पण येतो उद्या," म्हणालो.

"तुमी? योगाला?"

"माझेपण गुडघे."

"तुमच्या गुडघ्याला काय धाड भरली?" ती म्हणाली, पण बरं वाटलं असावं तिला. सकाळी माझी बनियन तिनं इस्त्री केली होती.

टेंपोत गारठा होता म्हणून मी बनियनवर लोकरीचा स्वेटर, वर शर्ट असा गेलो. साजगावच्या त्या हॉलचं दार गोदामासारखं बंद झालं आणि मी सवयीनं वर बघितलं. जाळी नाही, पडदा नाही, दोरी नाही. हवा जायला कुठंच वाट नाही, आणि थर्मामीटर बरोबर माणसाच्या उंचीवर लावलेला. चोख माणूस होता तो. पुढच्या रांगेत बायको पिवळ्या काठाचा टॉवेल पसरून बसली. मी दाराला धरून मागं. माझी योजना सरळ होती. तिची चोच उघडली की मी दार उघडणार.

दहा मिनिटं मी फक्त तिचं तोंड बघत होतो. ते मिटलेलं होतं. वीस मिनिटांनी तिची मान लाल झाली, एक पाय उचलताना ती डावीकडं झुकली, सावरली, पुन्हा झुकली. ही अंधारी होती, मला ओळखता येते. मी उठून दाराकडं सरकलो. सर प्रेमानं म्हणाले, "काका, जिथं आहात तिथंच बसा. शरीराचं ऐका."

मी शरीराचं ऐकत नव्हतोच. बायकोच्या तोंडाकडं बघता बघता माझं स्वतःचं तोंड केव्हापासून उघडं होतं, हे मला माहीत नव्हतं. बोलून थांबवावं म्हणून मी जीभ उचलली, ती टाळ्याला चिकटलेली. तेव्हा आयुष्यभराच्या सवयीनं मी उजव्या हाताचं बोट वर केलं.

"ओ, कोण आउट?" बायको वळून म्हणाली.

मी. मी बँकेच्या साहेबांच्या पोटावर पडलो. ते दमून शवासनात पडले होते, त्यामुळं मला फारसं लागलं नाही.

पुढचं आठवतंय ते बाहेरच्या ओट्यापासून. पाय उंच करून मला निजवलेलं, स्वेटर काढलेला, कुणीतरी मिठाचं पाणी पाजतंय. बायको शेजारी बसली होती. मला उचलून आणण्याच्या गडबडीत तीही बाहेर आली होती, आणि तिच्या तोंडावर वारा लागत होता. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिनं ओला टॉवेल माझ्या कपाळावर ठेवला. डोळ्यांपुढं पिवळा काठ आला.

"मी शेलूला होतो," मी म्हणालो.

"भ्रम झालाय," मॅडम म्हणाल्या. "काका, आपण साजगावला आहोत."

"कोंबड्या मेल्या तवा. मी शेडवर नव्हतो. फायनल होती. पडदा कुणीच सोडला नाय. टॉवेल कंपनीचा नाय, स्पर्धेचा हाय."

कुणी कोंबड्यांबद्दल विचारलं नव्हतं. मला कबूल करायचं होतं ते दोरीचं, निघालं ते हे. बचत गटाच्या बायका टेंपोच्या सावलीतून उठून जवळ आल्या. बायकोनं टॉवेल कपाळावरून उचलला, त्याचे दोन्ही काठ बघितले.

"कोण जिंकलं?" तिनं विचारलं.

"शेलूच."

"बरं," ती म्हणाली. टॉवेल पिळून तिनं पुन्हा कपाळावर ठेवला, जरा जोरात. "आणि काय राहिलंय?"

मग मी दोरी सांगितली. चार बोटं, वीत, हात. थर्मामीटर ब्रूडरला टांगलेला. डॉक्टरांचं वाक्य सांगितलं, तीन महिने जुनं, पण एक शब्दही विसरलो नव्हतो. बँकेचे साहेब पोट चोळत म्हणाले, "म्हणजे मला जे उकडत होतं..."

"सत्तावीस होतं," मी म्हणालो. त्यांनी घाम पुसायचा रुमाल घडी घालून खिशात ठेवला.

मॅडम माझ्यावर चिडल्या नाहीत. त्या बायकोकडं वळल्या. "काकू, तुम्हाला बीपीची गोळी चालू आहे?"

आता मान हलवायची पाळी बायकोची होती.

"मी विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पडला असता तर? मी रोज शेजारी उभी राहून तुम्हाला अजून ताणा म्हणत होते." त्यांचे डोळे भरले होते. बायको त्यांचा हात धरून म्हणाली, "तुमी काढलं असतं मला वर्गातून." मॅडम म्हणाल्या, "काढलं नसतं. ब्रूडर बंद केले असते."

ही साधी गोष्ट आम्हा दोघांनाही सुचली नव्हती.

भाषण झालं नाही. टेंपोत बायको पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आमच्या घरात न बोलणं हे माझं खातं होतं, ते दुसऱ्यानं चालवलं की किती जड जातं ते मला तेव्हा कळलं. कालवणात मीठ नव्हतं. मी स्वतःहून म्हणालो, "मीठ नाय." ती मान हलवून आत गेली.

चौथ्या दिवशी आम्ही दोघं कर्जतला गेलो. डॉक्टरांनी तिचं प्रेशर बघितलं आणि साध्या हवेतल्या योगाला पुन्हा हो म्हटलं. मग मला विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं ना यांना?"

"सांगितलं," बायको म्हणाली. "साजगावच्या ओट्यावर. पडल्या पडल्या."

बाहेर टमटमची वाट बघताना मी विचारलं, "गुडघे?"

"हायेत."

"माझ्यामुळं..."

"त्या दिवशी तुमी हिथं असता तरी घमेली मीच उचलली असती," ती म्हणाली. "तुमी पडदा सोडला असता तर थोडी कमी उचलली असती. तेवढं तुमचं. बाकी वय हाय." तिनं हे बरोबर वाटून दिलं, आणि माझ्या वाट्याला कमी आलं म्हणून मी हलका झालो असं मात्र नाही.

वर्ग अजून चालू आहे. ब्रूडर बंद, पडदे हातभर खाली. मॅडमच्या पाटीवर 'गरम' खोडून 'कोमट' लिहिलंय, आणि बँकेचे साहेब म्हणतात, घाम आता पहिल्यासारखा येत नाही. दोरी बायकोच्या ताब्यात आहे, तिच्या चटईशेजारच्या खिळ्याला. मला स्टुलावरून उठवून पुढच्या रांगेत आणलंय. सुरू करण्याआधी मी उभं राहून मोठ्यानं आकडा सांगायचा, हा नियम तिनं घातलाय. थर्मामीटर चटईच्या उंचीवर धरून, बोट न वापरता.

"चोवीस," मी म्हणतो.

"ऐकू नाय आलं," ती म्हणते. तिला पहिल्या वेळीच ऐकू आलेलं असतं.

"चोवीस डिग्री."

परवा वृक्षासनात ती मध्येच पाय टेकवून म्हणाली, "मला जरा गरगरतंय," सगळ्यांदेखत. मी म्हणालो, "बस खाली." ती बसली, पाणी प्यायली आणि दोन मिनिटांनी पुन्हा उभी राहिली.

टॉवेल आता मी वापरतो. तिनं तो धुऊन, घडी घालून माझ्या चटईवर ठेवला. "मान तुमचा हाय, घाम पण तुमीच पुसा." पालथं पडून नाक त्यात खुपसलं की कोंबड्यांचा वास येतो. टॉवेलचा नाही, फरशीचा आहे तो. शेड तापली की जास्त यायचा. आता कमी तापते, तेवढा कमी येतो.